तिच्या वाटेवरचे राळे

रुमानियातल्या भुतांवर मी सांगलीत व्याख्यान दिलं होतं, हे आता सांगताना मलाही चमत्कारिक वाटतं. एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतले ठरलेले वक्ते आयत्या वेळी आजारी पडले आणि कार्यवाहांना आठवण झाली की निवृत्त प्राध्यापक रिकामे असतात. विषय तुमचा तुम्ही ठरवा, म्हणाले. मी तेव्हा पूर्व युरोपातल्या लोककथा वाचत होतो. म्हटलं, यावरच बोलू. निदान आधी कुणी बोललेलं नसेल.

आधी दीपप्रज्वलन झालं. पंख्याच्या वाऱ्यानं समई विझत होती म्हणून पंखे बंद केले, मग पाहुण्यांना घाम आला म्हणून पुन्हा लावले, आणि शेवटी एकानं दोन्ही हातांचा आडोसा धरून ज्ञानाची ज्योत सांभाळली. अध्यक्ष एका साखर कारखान्याचे माजी संचालक होते. विज्ञानयुगात भुताखेतांना थारा देऊ नका, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सांगताना उगारलेल्या हाताच्या मनगटात काळे, लाल आणि भगवे असे दोरे होते.

मग मी बोललो. परत येणारा मेलेला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा झगा, लांब सुळे आणि किल्ला असं काहीतरी येतं. रुमानियातल्या खेड्यातला जो खरा परत येणारा, ज्याला ते लोक स्ट्रिगोई म्हणतात, तो अगदी साधा माणूस असतो. कालपर्यंत शेजारी राहत होता. ज्या कपड्यांत पुरला त्याच कपड्यांत येतो, आणि किल्ल्यात नाही, स्वतःच्या घरी येतो. गोठ्यात शिरतो, गाईचं दूध आटवतो, चुलीपाशी बसतो, खायला मागतो. त्रास देतो तोही परक्यांना नाही, आधी रक्ताच्या माणसांना. प्रेतावरून मांजर उडी मारून गेलं, मरताना हातात पेटती मेणबत्ती दिली गेली नाही, असं काही झालं की माणूस परत येतो अशी तिकडची समजूत. मग त्याला अडवायला लसूण, लोखंड, काटेरी झाडाची मेख. आणि बारीक धान्य. शवपेटीत किंवा त्याच्या वाटेवर खसखस नाहीतर राळ्यासारखं धान्य टाकून ठेवायचं. ते सगळं वेचल्याशिवाय त्याला पुढे येता येत नाही; काही गावांत म्हणतात, तो वर्षाला एकच दाणा वेचतो. "म्हणजे मेल्यावर माणूस सरकारी नोकरीत लागतो," असं मी म्हणालो. लोक हसले. अध्यक्षही हसले, पण जरा उशिरा.

दुसऱ्या रांगेत माझी भाची बसली होती. माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, तासगावच्या बाजूला दिलेली. तिला सहावा महिना होता. तपासणीसाठी सासूबरोबर सांगलीत आली होती आणि मामाचं भाषण आहे म्हणून दोघी थांबल्या होत्या. चहाच्या वेळी मला म्हणाली, "मामा, तो बिचारा खायलाच मागतो ना? मग एवढा बंदोबस्त कशाला? ताट वाढायचं, जेवला की जा म्हणायचं."

"आणि रोज यायला लागला तर?"

"तर भांडी घासायला लावायची."

तिची सासू मात्र गंभीर होती. पदर सावरत मला म्हणाली, "भाऊ, ते राळ्याचं तुमी सांगितलं ते खरं हाय बरं का. आमच्यात बी टाकत्यात. बाळंतीन बाई गेली की मसनापासनं घरापातुर राळे टाकायचं आन् उंबऱ्यात खिळा मारायचा. मग ती लेकरापाशी येत न्हाई."

मी हरखलो. हे मी जुन्या पुस्तकांतून वाचलं होतं, पण तोंडानं सांगणारं माणूस प्रथमच भेटत होतं. कुठे तो देश आणि कुठे आमचा तासगाव तालुका, आणि धान्य तेच. घरी गेल्यावर मी ते टिपून ठेवलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भाची आठव्या महिन्यात रहिमतपूरच्या पुढे बहिणीच्या गावी आली. बहिणीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. ऊस आणि म्हशी बहीणच बघते. जावई फौजेत, तिकडे वर हद्दीवर. कळा सुरू झाल्या तेव्हा साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आणि गाडी असलेला नातेवाईक म्हणून मीही गेलो. मुलगी झाली. वजन हवं त्यापेक्षा कमी म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. त्यानंतर भाचीचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बाहेर बाकावर बहीण डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. आत बोलावलं तेव्हा तिनं तो डबा माझ्याकडे दिला. बाहेर आल्यावर परत मागितला, आणि गावी पोचेपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

जावयाचं विमान धुक्यामुळे अडकलं. दहनाला त्याच्यासाठी थांबायचं की नाही यावर वडीलधाऱ्यांची चर्चा झाली आणि थांबायचं नाही असं ठरलं. सासरची मंडळी आली. बायकांचं रडणं थोडं ओसरल्यावर भाचीच्या सासूनं आपल्या धाकट्या मुलाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो घरोघरी जाऊन आला. राळे कुणाकडेच नव्हते. आमच्या आजोबांच्या वेळी माळावर राळे होत. आता माळ कुठला, सगळीकडे ऊस. मग तो मोटारसायकलवरून साताऱ्याला गेला आणि मॉलमधून राळे घेऊन आला. चकचकीत पाकीट होतं. त्यावर योगासन करणारी सडपातळ बाई, मधुमेहावर गुणकारी असल्याचा दावा. एकावर एक मोफत असल्यामुळे त्यानं दोन आणली होती.

मी त्याला म्हणालो, "हे करू नका."

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "मामा, आवं तुमीच तर भाषणात सांगितलं हुतं न्हवं? आई म्हनली, पुस्तकात बी हाय."

आयुष्यभर वर्गात घसा कोरडा करून मी जे सांगितलं त्यातलं एक अक्षर कुणी व्यवहारात आणल्याचं मला ठाऊक नाही. हे एवढंच आणलं गेलं.

दहन झालं. परतताना तो सगळ्यांच्या मागे राहिला आणि स्मशानापासून घरापर्यंत मुठीमुठीनं राळे टाकत आला. कुणी मागे वळून बघितलं नाही. तसं बघायचं नसतं. उंबऱ्यापाशी अडचण आली. बहिणीनं दोन वर्षांपूर्वी घर बांधताना उंबरा ग्रॅनाइटचा बसवला होता. खिळा वाकला. दुसरा वाकला. कुणीतरी ड्रिल मशीन कुणाकडे आहे ते सांगितलं. शेवटी चौकटीच्या लाकडात, खाली कोपऱ्यात ठोकायला सुरुवात झाली. त्या आवाजानं बहीण आतून बाहेर आली.

"काय ठोकताय?"

विहीण पुढे झाली. "खिळा मारतोय, ताई. करावं लागतंय."

"कुनासाठी?"

"लेकरासाठी. वली बाळंतीन गेली. जीव लेकरात गुतलेला ऱ्हातो. न्यायला येती ती."

"ती न्यायला येती?" बहीण म्हणाली. "तिला घराभाईर पडताना सवताचा मोबाईल न्यायचं ध्यानात ऱ्हात न्हवतं."

"मेल्यावर मानूस आपलं ऱ्हात न्हाई, ताई."

"तुमचं ऱ्हायलं नसंल. माझी हाय ती."

विहीण तिथेच पायरीवर बसली. डोळ्यांना पदर लावून, कुणाकडे न बघता म्हणाली, "माझी जाऊ अशीच गेली. तवा कुनी काय टाकलं न्हाई. म्हातारं म्हनलं, कशाला असलं. आठ दिसांत लेकरू बी गेलं. म्या मांडीवर घेऊन बसलेवते त्याला." खिळा अर्धवट ठोकलेला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बहिणीनं मला हाक मारली. हातात केरसुणी आणि सूप.

"दादा, चल जरा."

स्मशानाची वाट ओढ्याच्या कडेनं जाते. अर्धी डांबरी, अर्धी कच्ची. डांबरावर राळे पिवळे पिवळे दिसत होते. कच्च्या वाटेवर शोधावे लागत होते. बहीण केरसुणीनं गोळा करी, सुपात भरी. मी खाली बसून वेचायला लागलो. गुडघे दुखत होते. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिकडं बी असंच टाकत्यात म्हनलावतास न्हवं? मग येनारं काय करतंय?"

"एकेक वेचतं, म्हणतात. वेचून होईपर्यंत अडकून राहतं."

"आन् दुसऱ्या कुनी येचलं तर?"

मी आठवून बघितलं. मेलेल्यांना कसं अडवावं यावर पानंच्या पानं भरलेली होती. कुठल्या गावात खसखस, कुठल्या गावात राळे, कुठे मासे धरायचं जाळं, सगळं होतं. त्यांच्यासाठी वाट झाडून देणाऱ्याबद्दल कुणी काही लिहिलेलं मला आठवेना.

"ते माहीत नाही," मी म्हणालो.

"आसू दे." ती झाडत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "जावई दुसरं लगीन करनार, दादा. करावंच लागंल त्याला, मी नाव ठिवत न्हाई. त्यो तिकडं बर्फात, घरी लेकरू. पन येनारी कशी असंल? तिला तिची पोरं हुतील. मग हिच्याकडं कोन बघनार? मी किती दिस पुरनार? हिची आई तरी नको व्हय यायला अधनंमधनं?"

मी आत्मा, परलोक यांतलं काहीही मानत नाही, आणि हे तिला ठाऊक आहे. ती मला मानायला सांगतही नव्हती. तिला वेचायला माणूस हवं होतं. कच्च्या वाटेवर मुंग्यांनी रांगा लावून काम सुरू केलं होतं, चिमण्याही उतरल्या होत्या. त्यांना तिनं हाकललं नाही.

तेवढ्यात साताऱ्याकडून जीप आली आणि आमच्यापाशी थांबली. पाठीवर लष्करी पिशवी घेऊन जावई उतरला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. रात्रभर प्रवास केलेला माणूस रस्त्यात सासूला झाडताना बघून काय समजेल ते समजला असेल. त्यानं बहिणीच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "आई, काय सांडलंय?"

"सांडलं न्हाई. टाकलंय."

"कुनी?"

"तुमच्या आईनं. ती घरी येऊ नये म्हनून."

त्यानं वाटेकडे बघितलं. एका टोकाला स्मशानाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, जिथं त्याच्याशिवाय सगळे जाऊन आले होते. त्यानं पिशवी बांधाला टेकवली, बूट काढून बाजूला ठेवले आणि गाडीच्या चाकाखाली चेपलेले दाणे नखांनी उकरायला बसला. जीपवाला इंजिन बंद करून लांब जाऊन उभा राहिला. आम्ही तिघं घरापर्यंत आलो तेव्हा दारात विहीण उभी होती. जावयानं पक्कड मागितली आणि चौकटीतला खिळा उपटला. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून इतका मोठ्यानं रडला की शेजारची माणसं धावत आली.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या. मागे काही इच्छा राहिली नाही, सुटली पोरगी. बहिणीला ते घरी येऊन सांगितलं तेव्हा ती उसळली. "कशी न्हाई ऱ्हायली इच्छा? लेकराचं तोंड बघितलं न्हाई तिनं. कावळ्याला काय कळतंय? भुकेजला आसंल त्यो."

मुलगी काचेच्या पेटीतून बाहेर आली आणि बहिणीकडे वाढायला लागली. मी महिन्या-दीड महिन्यानं जात असे. दर वेळी घराचं पुढचं दार सताड उघडं दिसे. थंडी होती, धूळ येत होती, कुत्री येत होती. कुणी लोटायला गेलं की बहीण म्हणे, आसू दे उघडं. पोर सहा महिन्यांची झाल्यावर सासरचे येऊन घेऊन गेले. भांडण झालं नाही. त्यांचीच नात, त्यांचाच हक्क. पाळण्यातल्या चादरी बहिणीनं धुतल्या, वाळवल्या, घडी घातल्या आणि मला विचारलं, "ह्या कुटं ठिवू?" एवढ्या मोठ्या घरात तिला चार चादरींना जागा सापडेना.

गेल्या दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेलो होतो, तर विहीण आलेली. काखेत पोरगी. चांगली वर्षाची, धरून उभी राहणारी, समोरचं सगळं तोंडात घालणारी. विहीण कानकोंडी होऊन बसली होती. जावयाचं लग्न ठरलं होतं आणि ते आपल्या तोंडानं सांगायला ती आली होती. हे तिचं मोठेपण मला मानावं लागलं. आमच्याकडे असल्या बातम्या पत्रिकेवरूनच कळतात.

"पोरगी गरीब घरची हाय, ताई. शिकलेली हाय. आमी समदं सांगितलंय तिला. चांदीचा टाक करायला टाकलाय, तुमच्या लेकीच्या नावाचा. लग्नात तिच्या गळ्यात घालनार." पहिली बायको गेलेली असली की तिची प्रतिमा चांदीवर उठवून दुसरीच्या गळ्यात बांधतात, म्हणजे पहिली हिला त्रास देत नाही. गळ्यात सवत घालून संसार करायचा. रुमानियात असं काही आहे का ते मला माहीत नाही.

बहीण नातीच्या पायांवरून हात फिरवत होती. म्हणाली, "घाला. चांगलं हाय. पन टाक घातला म्हनून ती गप बसायची न्हाई."

विहीण दचकली. "म्हंजी?"

"येती न्हवं ती."

"हितं?"

"हितं. आमी वाट झाडली न्हाई का तवा? येती, बसती, बोलती. पोरीचं समदं सांगती. कवा पाजलं, कवा रडत ठिवलं."

विहिणीचा चेहरा उतरला. नातीला ओढून तिनं छातीशी धरलं आणि पुटपुटली, "आमी रडत ठिवत न्हाई, ताई. आईशपत."

"मला ठावं हाय. तीच सांगती, सासूबाई करत्यात म्हनून." बहीण उठली. "च्या टाकते."

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती आधणात साखर घालत होती.

"खरंच येते?" मी विचारलं. असा प्रश्न माझ्या तोंडून निघाला याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही.

"कुटली येती, दादा." तिनं चहापत्तीचा डबा उघडला, आत बघत राहिली. "वरीस झालं दार उघडं टाकून. एक डाव न्हाई आली. सपनात बी न्हाई. मला वाटलं, दाणं ऱ्हायलं असतील येचायचं. पावसाच्या आदी परत जाऊन झाडून आले समदी वाट."

"मग बाहेर ते काय सांगितलंस?"

"मग काय सांगू? न्हाई येत म्हनू?" तिनं डोळे पुसले, चहापत्ती टाकली, आणि आवाज खाली आणला. "नवी येईल तिला सासू सांगंल का न्हाई? आई येऊन बघती म्हनल्यावर पोरीला हात लावताना इचार करतील."

तिनं कपबश्या ताटलीत मांडल्या आणि बाहेर गेली. पोरीचा श्वास जरा घरघरत होता, ते मलाही मघाशी ऐकू आलं होतं. बाहेरून बहिणीचा आवाज आला, "परवा आलीवती, तवा म्हनत हुती, पोरीची छाती भरलीया, दवाखान्यात दावा म्हनावं."

"व्हय, व्हय," विहीण घाईघाईनं म्हणत होती, "उद्याच दावते. तिला सांगा, उद्याच."

माझा चहा ओट्यावरच राहिला होता. तो घेऊन मी आतच उभा राहिलो. माझ्यासमोर तिला हे बोलणं जड गेलं असतं.